पत्रातला हवेचा परिच्छेद

आमच्या घरात हवेबद्दल कोणी बोलत नसे, हवेवर कुरकुर करत. उकडतंय, चिकचिक झालीय, कपडे वाळत नाहीत, डोक्याला बांधून जा नाहीतर सर्दी होईल. हवा हा नीट बसून पत्रात लिहायचा विषय आहे, हे वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत मला कोणी सांगितलं नव्हतं. ते सांगितलं एका स्पॅनिश फादरनी, आणि त्याच विषयात मी अशी माती खाल्ली की पुढं कितीतरी वर्षं पोस्टमनची सायकल फाटकाशी थांबली की मी हातातलं काम टाकून आत पळायची.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. आम्ही अंधेरीला गावठाणाला लागून राहायचो. बी.ए. होऊन मी घरी बसले होते आणि आईच्या मते मुलीनं घरी बसण्याचा एकच अर्थ होता, म्हणजे स्थळं बघायची. गावठाणातल्या चर्चच्या आवारात एका खोलीचं वाचनालय होतं, तिथं मी इंग्रजी कादंबऱ्या आणायला जायची. वाचनालय सांभाळणारे फादर साठीच्या पुढचे, तीस वर्षांपूर्वी स्पेनच्या डोंगरातल्या एका खेड्यातून आलेले. मराठी ते गावठाणातल्या लोकांकडून शिकले होते, त्यामुळं बोलायचे सडेतोड. एकदा म्हणाले, "फोर्टात टायपिंग येणाऱ्या मुली ढिगानं हायेत. स्पॅनिश येणारी एक दाखव." मी दुसऱ्या दिवसापासून शिकायला बसले. "बाटवतील हो तिला," असं आईनं वडिलांना सांगून पाहिलं. वडील वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "भाषेनं कोणी बाटत नाही गं. शिकू दे."

फादरांची शिकवण्याची रीत एकच होती. मला खिडकीशी उभं करायचे आणि विचारायचे, "सांग, आज काय करतंय?" स्पॅनिशमध्ये हवा 'करते'. थंडी करते, ऊन करतं, वारा करतो. 'आथे सोल' म्हणजे ऊन आहे, 'आथे फ्रिओ' म्हणजे थंडी आहे. मी सुरुवातीला मराठीतली वाक्यं उचलून तिकडं ठेवायची. पाऊस येतोय, असं स्पॅनिशमध्ये म्हटलं की ते मिशीतल्या मिशीत हसायचे. "येतोय? कुठून, बोरीवलीहून? कोणत्या गाडीनं?" त्यांच्याकडं जोराचा पाऊस घागरींनी पडतो, कडक ऊन हे न्यायाचं ऊन असतं, कोणालाच सोडत नाही ते. हे मला पटलं, कारण आमच्याकडचं ऊनही कोणाला सोडत नव्हतं. पण ढग आले की मी 'हवा छान आहे' म्हणायची, हे त्यांना पटायला वेळ लागला. त्यांच्या गावात ऊन पडलं तर हवा छान. आणि 'थंडी वाजते' हे मराठी ऐकून तर त्यांना तीस वर्षांनंतरही मजा वाटायची. "तुमच्याकडं थंडी असते एवढीशी," म्हणायचे, "पण वाजते मोठ्यानं."

दोन वर्षं मी रोज खिडकीशी उभी राहून हवा सांगितली. नोकरी काही मिळाली नाही, पण त्या तासाची सवय झाली. आणि मग त्या पावसाळ्यात फादरांची नजर गेली.

एकदम नाही गेली. आधी ते पुस्तकाचं पान खिडकीकडं नेऊ लागले, मग मला वाचायला सांगू लागले, मग एकदा खिडकीशी मी उभी असताना त्यांनी रिकाम्या खुर्चीला "सांग, आज काय करतंय?" असं विचारलं. मी खुर्चीच्या दिशेनं सरकले आणि उत्तर दिलं. काचबिंदू होता, डॉक्टरांनी आता काही होणार नाही म्हणून सांगितलं होतं. ही गोष्ट फक्त दोघींना माहीत होती, मला आणि त्यांचा स्वयंपाक करणाऱ्या गावठाणातल्या मावशीला. मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, लॅटिनमध्ये असायचा, तो त्यांना पाठ होता. चर्चमधली प्रत्येक पायरी पायाला माहीत होती. त्यांच्या धर्मगुरूंच्या संघाचे वरिष्ठ वर्षातून एकदोनदा यायचे, तेवढा वेळ मावशी काही ना काही निमित्त काढून फादरांच्या आसपास वावरायची.

लपवायचं कारण सरळ होतं. नजर गेलेल्या म्हाताऱ्या फादरला संघ मायदेशी परत पाठवतो, आणि फादरांना जायचं नव्हतं. "त्या गावात आता माझं कोण हाय? एक बहीण," ते म्हणाले. "हितं सगळं गाव हाय. मला हितल्या मातीत ठेवा." चर्चच्या मागच्या दफनभूमीत, चिंचेखाली, त्यांनी जागासुद्धा मनाशी ठरवून टाकली होती.

त्या बहिणीलाही कळता कामा नव्हतं. ती गावातल्या शाळेत मास्तरीण होती, लग्न केलेलं नव्हतं, आणि भावाच्या काळजीत तिचा हात कोणी धरला नसता. कळलं असतं तर तिनं त्याच दिवशी वरिष्ठांना लिहिलं असतं. दर पंधरा दिवसांनी दोघांची पत्रं जायची-यायची. तेव्हा फादरांनी तिला कळवलं की हात थरथरतो, म्हणून यापुढं टाइप करून लिहीन. टाइप मी करायची. ते सांगायचे, मी बडवायची, शेवटी त्यांचा हात धरून कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर ठेवायची आणि ते सही करायचे. सही मात्र अगदी पहिल्यासारखी यायची.

त्या भावंडांची एक रीत होती. पत्र हवेनं सुरू व्हायचं. तब्येत, नातेवाईक, देवधर्म सगळं नंतर. आधी एक अख्खा परिच्छेद, आज इथं काय करतंय याचा. तीस वर्षं दोघांनी एकमेकांची हवा अशी पंधरवड्याला वाचली होती. दोन-तीन पत्रांनंतर फादर मला म्हणाले, "हवेचं तूच लिही. मला आता ती दिसत नाय. माझ्यासारखं लिही म्हणजे झालं."

माझ्यासारखं लिही. हे ते किती सहज म्हणाले. मी मात्र त्या दिवसापासून घाबरून गेले. व्याकरणाची भीती नव्हती, ते मी घोटून घेतलं होतं. पण तीस वर्षं भावाचं पत्र वाचणाऱ्या मास्तरणीला, हा माणूस खिडकीबाहेर बघतोय, असं वाटलं पाहिजे होतं. मी त्यांच्या टेबलाच्या खणातल्या तिच्या जुन्या पत्रांतून हवेची वाक्यं वेचून वहीत उतरवली. ऑक्टोबरचा उकाडा तिच्याच शब्दांत लिहिला. नोव्हेंबरचं आभाळ नीट जमलं. तिची उत्तरं आली, मी मोठ्यानं वाचून दाखवली, काही वावगं नव्हतं. डिसेंबरात फादर म्हणाले, "आता तू हितं राहिली काय आन् स्पेनात राहिली काय, एकच." मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्यातच मी बेसावध झाले.

जानेवारीत आमच्याकडं कडाक्याची थंडी पडली. तेव्हा अंधेरीला शेतं होती, घरं मोकळी होती, थंडी वाटायचीही जास्त. वडिलांनी माकडटोपी बाहेर काढली. शेजारचे आजोबा सकाळी अंगणात पाला जाळून शेकत बसले. आईनं मला स्वेटरवर शाल गुंडाळून पाठवलं आणि वर, "कान झाक," असं फाटकापर्यंत ओरडत आली. फादर त्या दिवशी तापानं पडून होते. मावशी म्हणाली, "आज त्यांना बोलायला लावू नको गो. लई दमल्यात." त्यांनी आदल्या दिवशी मजकूर सांगून ठेवला होता, फक्त हवा राहिली होती. मी टाइपरायटरशी बसले. बोटं खरंच आखडली होती. आणि मी लिहिलं: इथं भयंकर थंडी आहे. सकाळी मी कुडकुडत उठलो. म्हातारे लोक रस्त्यात शेकोट्या करून बसले आहेत. बोटं इतकी गारठलीत की टाइप करता येत नाही. पाण्याला हात लावायची हिंमत होत नाही. वाचून बघितलं तर इतकं जिवंत उतरलं होतं की मीच खूश झाले. एरवी मी पाकीट बंद करायच्या आधी पत्र त्यांना वाचून दाखवायची. त्या दिवशी नाही दाखवलं. तापातच सही घेतली आणि घरी जाताना पेटीत टाकलं.

फेब्रुवारीच्या मध्यावर तिचं उत्तर आलं. फादर बरे होऊन वाचनालयात बसले होते. मी ते निळं पातळ पत्र उघडलं आणि रीतीप्रमाणं मोठ्यानं वाचायला लागले. गावात दीड हात बर्फ होता. गोठ्यातल्या बादलीतल्या पाण्याचा दगड झाला होता. पुढच्या ओळीवर माझी जीभ थांबली.

तिनं लिहिलं होतं: तुझ्या पत्रातली थंडी मी चारदा वाचली. तू ज्या घरात जन्मलास तिथं आपण सकाळी पांघरुणावरचा बर्फ झटकत होतो. गेली तीस वर्षं दर जानेवारीत तू मला लिहितोस की तू पातळ झग्यात बसला आहेस, लोक मात्र हिवाळा आल्यासारखे नटून फिरतात, आणि तुला त्यांचं हसू येतं. तू कुडकुडतो आहेस? तू आजारी आहेस की हे पत्र तू लिहिलेलंच नाहीस? मला खरं सांग.

"थांबलीस का?" फादर म्हणाले.

"अक्षर लागत नाही."

"तिचं? ती पोरांना अक्षर शिकवते."

मी तो परिच्छेद सोडला आणि पुढच्या मजकुरावर गेले, चुलतभावाच्या मेंढ्या, चर्चचं नवं छप्पर. आवाज नीट ठेवायचा प्रयत्न केला. फादर डोकं थोडं कलतं करून ऐकत होते, तसं ते नेहमीच ऐकायचे, पण मी गाळलेल्या जागेचं भोक त्यांना ऐकू येतंय, असं मला वाटलं. तेव्हाच सांगून टाकलं असतं तर सगळं निभावलं असतं. त्यांनी दोन ओळी सांगितल्या असत्या, ताप आला होता म्हणून कुडकुडलो, आणि विषय संपला असता. ताप तर खरंच आला होता. पण मला माझी फजिती झाकायची होती. 'माझ्यासारखं लिही' म्हणणाऱ्या माणसाला, मला जमलं नाही, हे सांगायची लाज वाटली. एका आंधळ्या माणसासमोर त्याचंच पत्र मी अर्धं वाचलं. हे मी एक माणूस सोडून आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

आमच्या उत्तरात तिच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं, कारण फादरांना प्रश्नच माहीत नव्हता. तिचा संशय पक्का व्हायला आणखी काय हवं होतं. मी हवेचा परिच्छेद आता जपून लिहायची, ऊन आहे, वारा नाही, गरम होतंय, बस. पुढच्या पत्रात तिनं हवेबद्दल काहीच लिहिलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदाच तिचं पत्र तब्येतीनं सुरू झालं. फादर म्हणाले, "हवा कुठं गेली?" मी म्हटलं, "विसरल्या असतील." त्यानंतर मला जेवण जाईना. आई म्हणाली, "चेहरा बघ काय झालाय. त्या चर्चातलं काही खातेस का गं?" वाचनालयात जाताना मी गल्लीच्या तोंडाशी पोस्टमनला गाठायची, पत्र आधी आपल्या हातात पडावं म्हणून. पडलं तरी काय करणार होते, ते ठाऊक नव्हतं.

पण पुढचं पत्र आमच्याकडं आलंच नाही. ते तिनं थेट वरिष्ठांना लिहिलं.

ते आले त्या दिवशी मी नव्हते. मावशीनं सांगितलं ते असं. मोठे फादर, म्हणजे ते वरिष्ठ, आत आले, काही बोलले नाहीत, नुसता हात पुढं केला. आमचे फादर समोर उभे होते, हसरा चेहरा करून, कोण आलंय त्याची वाट बघत. मावशी स्वयंपाकघराच्या दारात होती, तिनं "फादर, पाहुणं" म्हणेपर्यंत उशीर झाला होता. पुढं केलेला हात तसाच हवेत राहिला. मोठ्या फादरांनी मग तो त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि दोघं आत जाऊन बसले. रागावले वगैरे नाहीत, म्हणाली. मायेनंच बोलत होते. मे महिन्यातल्या बोटीचं ठरलं.

मावशी मला म्हणाली, "कोणी सांगितलं गो तिला? आपण दोघीच तर होतो." मी मान खाली घालून पुस्तकं लावत राहिले.

पुढचे दोन महिने मी रोज ठरवून जायची की आज सांगायचं, आणि रोज न सांगता यायची. फादरांनी तक्रार केली नाही. एकेक पुस्तक हातात घेऊन, पुठ्ठ्यावरून बोटं फिरवून ओळखायचे आणि कोणाला द्यायचं ते सांगायचे. जायच्या आदल्या दिवशी मावशीच्या हाताला धरून दफनभूमीत गेले, चिंचेच्या बुंध्याला हात लावून उभे राहिले आणि परत आले. मी लांबून बघत होते. मग माझ्याच्यानं राहवेना.

वाचनालयात आम्ही दोघंच होतो. खोली रिकामी झाल्यामुळं आवाज मोठा येत होता. मी सगळं सांगितलं, जानेवारीचं पत्र, तिचा प्रश्न, मी गाळलेला परिच्छेद. स्पॅनिशमध्ये सुरुवात केली आणि मधेच मराठीत आले, कारण रडताना मला दुसरी भाषा येत नव्हती. मी त्यांच्या रागाची तयारी करून आले होते.

"काय लिव्हलं होतं थंडीचं? सांग बघू," ते म्हणाले.

मला ते वाक्यन् वाक्य पाठ होतं. शेकोट्या, गारठलेली बोटं, पाण्याची भीती, सगळं म्हणून दाखवलं.

"तुला वाजत होती का थंडी?"

"हो."

"मंग खोटं काय लिव्हलंस?"

आणि मला खिडकीशी जायला सांगितलं. "सांग, आज काय करतंय?" बाहेर मे महिना होता. मी सांगितलं, न्यायाचं ऊन आहे, कोणालाच सोडत नाही. त्यांनी मान हलवली. वाक्य बरोबर होतं.

बोट गेली. जून गेला, पाऊस आला तसा संपतही आला. पत्र येईना. मी दोनदा लिहायला बसले आणि हवेचा परिच्छेद झाल्यावर कागद फाडून टाकला. ते जिवंत आहेत की नाहीत, हेही कळत नव्हतं. त्यांच्यानंतर आलेल्या फादरांना विचारायची हिंमत नव्हती, कारण त्यांनी, तुमचा काय संबंध, असं विचारलं असतं तर मी काय सांगणार होते.

ऑक्टोबरात, घामानं ब्लाउज पाठीला चिकटलेला असताना, पोस्टमननं निळं पत्र आणून दिलं. वरचं अक्षर मास्तरणीचं होतं. पत्र माझ्या नावानं होतं. मी ते मागच्या पायरीवर बसून उघडलं. फादर जिवंत असल्याचं पहिल्याच परिच्छेदात कळलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

पत्र हवेनंच सुरू झालं होतं. इथं सप्टेंबर आहे, तिनं लिहिलं होतं, आणि फार सुंदर दिवस करतोय. लोक बाह्या वर करून गवत कापतायत. माझा भाऊ मात्र दोन घोंगड्या पांघरून चुलीशी बसलेला असतो. म्हणतो, भयंकर थंडी आहे. पाण्याला हात लावायला तयार नाही. बोटं गारठली म्हणून जपमाळ हातातून सुटते. गावातले लोक हसतात त्याला. काल ढग आले, सूर्य गेला, तर म्हणाला, हवा छान झाली. असं इथं कोणी म्हणत नाही.

पुढं लिहिलं होतं: मुली, मी तुझ्यावर अन्याय केला. जानेवारीतलं ते थंडीचं पत्र वाचून मला वाटलं, कोणीतरी परका माणूस त्याच्या नावानं लिहितोय. म्हणून मी वरिष्ठांना कळवलं. आता त्याला चुलीशी बघते आणि मला कळतं की ते पत्र त्याचंच होतं. मी त्याला विचारलंही. तो म्हणाला, हो, तो परिच्छेद माझाच आहे, मुलीनं फक्त टाइप केला. तीस वर्षांत तो तिथला झाला होता आणि मला ते पत्रातून दिसलं नाही. जिथं त्याला ऊब होती तिथून मी त्याला ओढून आणलं. मला क्षमा कर.

मी ते पत्र किती वेळा वाचलं, सांगता येणार नाही. आईनं आतून दोनदा हाक मारली. ती बाई माझी क्षमा मागत होती. आणि त्यांनी, आयुष्यभर लोकांची पापं ऐकून घेतलेल्या माणसानं, माझ्यासाठी खोटं सांगितलं होतं. की खरं सांगितलं होतं, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही, आजही येत नाही.

शेवटी आत जाऊन मी आईला म्हटलं, "आई, लोकर काढ. जाड स्वेटर विणायचाय, पुरुषाच्या मापाचा."

"ऑक्टोबरात? कोणासाठी?"

मी सांगितलं. आई पलंगाखालची पेटी ओढता ओढता म्हणाली, "टोपीपण लागेल. कान उघडे ठेवून चालायचं नाही."

स्वेटर झाल्यावर मी पत्र लिहायला बसले. टाइपरायटर चर्चमध्येच राहिला होता, म्हणून हातानं लिहिलं. पहिल्या परिच्छेदात अंधेरीची हवा लिहिली, माझी, माझ्यासारखीच. दुसऱ्या परिच्छेदात खरं काय ते सांगायचं ठरवलं होतं. तो परिच्छेद मी लिहिला नाही. त्याऐवजी स्वेटर धुवायचा कसा ते लिहिलं आणि पाकीट बंद केलं.